नाकेवालीला माहीत होतं का?

त्या रविवारी आम्ही देवादिकांचा सिनेमा पाहायला निघालो होतो. म्हणजे सिस्टरला तो पाहायचा होता, आणि मला सुटीची दुपार एकटीनं खोलीत काढायची नव्हती. कुरखेड्याला शाळेत लागून मला वर्षही झालं नव्हतं. मूल गावातल्या आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. ऑर्डर आली तेव्हा बाबांनी विहारात पेढे वाटले होते. इथे आल्यावर सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबरोबर एकाच खोलीत राहू लागले. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, नागभीडकडची; आमच्या भागातल्या बायकांसारखं ‘मी जातो, ते येते’ असं बोलणारी. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. ती मला नुसतं ‘बाई’ म्हणायची.

धानाच्या गिरणीचं एक गोदाम उन्हाळ्यात रिकामं असायचं. तिथे एक माणूस रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ लावायचा. खिडक्यांना पोती, मागे जनरेटरची धडधड, पुढे ताडपत्रीवर बायका आणि पोरं, मागे बाकांवर माणसं. त्या दिवशी आमची घरवाली बाईही सोबत होती. तिच्याच घराची पुढची खोली आम्ही घेतली होती. ती मूळची जंगलातल्या गावची. घरात गोंडी बोलायची, आमच्याशी मराठी. तिला कमी दिसायचं, म्हणून ती अगदी टीव्हीला चिकटून बसायची.

देवादिकांचा सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत कॅसेट आत गुंतली. टेप ओढून बाहेर काढली ती गोळा होऊनच आली. लोक ओरडू लागले. व्हिडिओवाल्यानं घाईघाईत दुसरी कॅसेट लावली. पडद्यावर काळंभोर आकाश आलं, त्यात उडणारं जहाज, आणि माणसं इंग्रजीत बोलू लागली.

“हे काय लावलं, भाऊ?”

“नागपूरवरून आली आहे. याचे तीन भाग हायेत म्हणते. बहुत चालली तिकडे.”

“पण बोलून काय राह्यले ते?”

मग कोणीतरी हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांना पुढे ढकललं. ते मागच्या बाकावर बसले होते. लाजले, नाही म्हणाले, पण शेवटी टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि पडद्यावरचं माणूस बोललं की ते आम्हाला मराठीत सांगू लागले. त्यांचा आवाज चांगला होता. थोड्याच वेळात लोक गप्प झाले.

गोष्ट अशी होती. आकाशात खूप दूर एक मोठी लोखंडी चौकी होती. जाणारी-येणारी जहाजं तिथे थांबत. सर म्हणाले, “आपल्या जंगलच्या नाक्यासारखं समजा.” तिथे एक डॉक्टरीण होती, दार उघडायचं की नाही हे ती ठरवायची. मागून कोणीतरी लगेच तिला नाकेवाली म्हटलं आणि पुढे तेच नाव पडलं. एक दिवस एक जहाज येतं. त्यात माणसं आजारी आहेत, एकमेकांना लागणारं दुखणं आहे. ते आत घ्यायला सांगतात. नाकेवाली तपासते, विचार करते. यंत्रातून जहाजातल्या माणसांची नावं वाचली जातात. तिचा हात एका दांड्यावर असतो. ती खाली मान घालून हळूच एक वाक्य बोलते आणि दांडा ओढते. दार बंद होतं. जहाज अंधारात वाहत जातं. आणि मग आपल्याला त्या जहाजाच्या आत दाखवतात: एक बाई भिंतीला टेकून बसली आहे, चेहरा अंधारात, आणि तिच्या हातात एक फोटो आहे, दोन लहान मुलींचा.

“नाकेवालीची सिस्टर,” सर हळूच म्हणाले.

“जहाजात नर्स होती काय?” मागून कोणीतरी विचारलं, आणि ‘सिस्टर म्हणजे बहीण’ हे समजावण्यात पुढची दोन मिनिटं गेली.

“पण दार लावताना काय म्हणाली ते?” व्हिडिओवाल्यानंच विचारलं.

सर जरासे थांबले. “ती म्हणाली, याच्यात माझं कोणी नाई. बंद करा.”

“म्हणजे तिले माहीत नोतं?”

“नोतं.”

गोदामभर चुकचुक झाली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बिचारीनं आपल्या हातानं आपल्या बहिणीला घालवलं आणि तिला ठाऊकही नाही.

परत येताना मी तेच बोलत होते. सिस्टर पुढे पुढे चालत होती. एकदम थांबली.

“तिले माहीत होतं.”

“अहो, सर म्हणाले ना, नव्हतं.”

“सर काही म्हणो. तू तिचा हात नाई पाह्यला? नावं वाचून राह्यले तं हात कसा थांबला? मंग मान खाली घातली. माहीत नसतं तं मान कायले खाली घातली असती?”

“दुःख झालं असेल. इतकी माणसं मरणार म्हणून.”

“बाई, तुले नाई समजत.”

घरवाली बाई मधेच म्हणाली, “म्या तं ऐकलं. तिनं मायले हाक मारली. ‘माय’ म्हणाली, मंगच दार लावलं.”

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. इंग्रजी सिनेमात कोणी ‘माय’ म्हणून हाक कशी मारेल? आम्ही हसलो आणि तो विषय सोडून दिला.

पण वाद सुटला नाही. जेवताना, झाडताना, कपडे वाळत घालताना तोच. मी म्हणायचे, तिला माहीत असतं तर तिनं दार लावलंच नसतं, सख्खी बहीण होती. सिस्टर म्हणायची, माहीत होतं म्हणूनच लावलं. आपल्या माणसासाठी उघडलं असतं तर मागून येणाऱ्या सगळ्यांसाठी उघडावं लागलं असतं. मी म्हणायचे, मग ती दगड आहे. त्यावर ती काही बोलायची नाही. ती गप्प झाली की मला जिंकल्यासारखं वाटायचं.

पुढच्या रविवारी लोकांनीच तो सिनेमा पुन्हा मागितला. त्यानंतर अख्ख्या कुरखेड्यात दोन पक्ष पडले. आमच्या शाळेत मधल्या सुटीत हेडमास्तर ‘माहीत नोतं’ म्हणायचे आणि चपराशी ‘माहीत होतं’ म्हणायचा, आणि एरवी कधी हेडमास्तरांपुढे न बोलणारा तो माणूस या बाबतीत हटायचा नाही. दवाखान्यात कंपाउंडर औषध देता देता पेशंटला विचारायचा, “तुमाले काय वाटते, भाऊ, होतं का नोतं?” चहाच्या टपरीवर तर एक जण म्हणाला की चूक नाकेवालीची नाहीच, चूक गोष्ट लिहिणाऱ्याची आहे, बहिणीचा फोटो आधी दाखवायला पाहिजे होता, मग दार. आधी दार आणि मग फोटो, ही बनवाबनवी झाली. दुसरा म्हणाला, तसं केलं असतं तर मग पाहण्यात काय मजा? हे दोघे पुढे पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते म्हणतात.

घरवाल्या बाईचं वेगळंच होतं. “आमच्या गावी दुखणं आलं,” ती म्हणायची, “तं आमीच वाट बंद करत होतो. दुसऱ्याच्या गावाले जात नोतो. ते जहाजवालेच काऊन आले नाक्यावर?”

महिन्याभरानं दुसरा भाग आला. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. सर आता स्वतःहून खुर्ची घेऊन बसले. सिनेमा सुरू झाला आणि सगळेच गोंधळले. नाकेवालीचं काम करणारी बाईच बदलली होती. पहिली उंच, लांब केसांची, काळ्या डोळ्यांची. ही बुटकी, केस कापलेले, डोळे निळे. पण अंगात तोच कोट, त्याच चौकीत वावरत होती.

“सर, हे कोण?”

“तीच आहे. नाकेवाली.”

“काही पण! तिचे केस?”

“कापले असतील.”

“आन् डोये?”

डोळ्यांचं सरांनी टाळलं. त्यांनी एवढंच सांगितलं की कधी कधी सिनेमावाले माणूस बदलतात आणि आपण तेच माणूस समजून पाहायचं असतं. पण घरवाली बाई ठामपणे म्हणाली, “हे बहीण होय. वाचली. परत आली. कोट घातला.” आणि तिच्या आजूबाजूच्या दहा-बारा बायका सिनेमाभर तसंच समजून बसल्या.

दुसऱ्या भागात ती बाई एक लहान जहाज घेऊन आकाशात फिरते. ठिकठिकाणी उतरते, लोकांना फोटो दाखवते, कोणाला तरी शोधते. सरांच्या सांगण्याप्रमाणे नाकेवालीला आता सगळं समजलं होतं आणि ती बहिणीला शोधत होती. घरवाल्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे वाचलेली बहीण नाकेवालीला शोधत होती. मला पहिल्यांदा घरवालीचं हसू आलं. पण नंतर मी तिच्यासारखं समजून बघितलं, आणि सिनेमा कुठेच अडला नाही. प्रत्येक प्रसंग तसाही बसत होता आणि असाही. फक्त एका समजुतीत ती माफी मागायला निघाली होती आणि दुसरीत जाब विचारायला. चेहरा तर एकच. मला काही कळेना. घरी येईपर्यंत डोकं दुखायला लागलं.

दोन दिवस विचार करून मी सरांकडे गेले. शाळा सुटली होती, ते हायस्कूलच्या व्हरांड्यात वह्या तपासत होते. मी सरळच विचारलं की पहिल्या भागात दार लावताना ती नेमकं काय म्हणाली, इंग्रजीत जसं होतं तसं सांगा.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, तुमाले खरं सांगू? मले ऐकूच आलं नाई.”

“म्हणजे?”

“दोन्ही खेपेले मागं जनरेटर. ती बोलली हळू. मले येकच शब्द आला, ‘माय’. म्हणजे माझं, माझी. माझी काय, ते पुढचं जनरेटरनं खाल्लं. माझी बहीण म्हणाली, का माझी ड्यूटी, का माझी चूक, मले मालूम नाई. पन शंभर माणसं माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. मंग मले जे बरं वाटलं ते म्या सांगतलं.”

“तुम्हाला बरं वाटलं म्हणून?”

“बहिणीले जाणूनबुजून मारलं, हे मले सांगवलं नाई. समोर लहान पोरं होती.” मग हात जोडल्यासारखं करून म्हणाले, “कोणाले सांगू नका.”

मी घरी आले ती धावतच. ‘माय’ घरवाल्या बाईनं बरोबर ऐकलं होतं! पण मला त्याहून जास्त सिस्टरला सांगायची घाई होती. दीड महिना मी तिच्याशी सरांच्या भरवशावर भांडले होते. ती जिंकली होती, निदान हरली तरी नव्हती, आणि मला वाटलं, ती खूश होईल.

ती चुलीपुढे भाजी चिरत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. ती खूश झाली नाही. विळीवरून उठली, हात धुतले आणि खाटेवर जाऊन बसली.

“म्हणजे कोणालेच माहीत नाई, तिले माहीत होतं का नाई,” ती म्हणाली.

“हो ना. तुम्ही म्हणता तसंही असेल.”

“असन नाई, आहे.” मग म्हणाली, “बाई, तुले येक सांगतो. कोणाले नको सांगू.”

तिच्या शिकण्याच्या दिवसांतली गोष्ट होती. ती ज्या दवाखान्यात शिकत होती तिथे त्या उन्हाळ्यात हगवण-वांतीचे पेशंट आले. वॉर्ड भरला, व्हरांडा भरला. वरून हुकूम आला की आता दार लावा आणि येतील त्यांना दुसऱ्या दवाखान्यात पाठवा. दारावर ही उभी. दुपारची वेळ, बाहेर बैलगाड्यांची रांग. त्या रांगेतून तिला बहिणीचा आवाज ऐकू आला. बहीण तिचं नाव घेऊन हाका मारत होती.

“म्या वळखला आवाज. सख्ख्या बहिणीचा आवाज कोण नाई वळखत? पन तिच्या पुढं सात-आठ गाड्या होत्या. तिले घेतलं असतं तं त्याईले काय सांगतलं असतं? म्या आतूनच म्हटलं, जागा नाई, पुढं जा. आन् कडी लावली.”

“मग?”

“बहीण वाचली. तिच्या कडेवरची पोर नाई वाचली. दीड वर्षाची होती.”



“तिनं नंतर इचारलं, तुले ऐकू नोतं आलं काय? म्या म्हटलं, नाई. गर्दीत नाई आलं ऐकू. ते म्हणाली, बरं. तवापासून मी घरी जातो, ते वाढते, मी जेवतो. ते जास्त बोलत नाई. तिनं ते खरं मानलं का नाई, मले आजवर समजलं नाई.”

मला ते दीड महिन्याचं सगळं आठवलं. ‘मग ती दगड आहे’ असं मी किती वेळा म्हटलं होतं, तिच्यासमोर बसून, तिच्याच हातचं जेवता जेवता. मला माफी मागायची होती, पण कशाची मागायची ते कळेना. नाकेवालीला बोलल्याबद्दल सिस्टरची माफी कशी मागतात? मी नुसती भाजी चिरायला घेतली.

तिसरा भाग पावसाळ्याच्या तोंडावर आला. सिस्टर म्हणाली, मी येत नाही. मी घरवाल्या बाईबरोबर गेले. व्हिडिओवाल्यानं आधीच सांगून टाकलं होतं की हा शेवटचा, यात दोघी भेटतात. आणि खरंच, शेवटी भेटल्या. धुळीनं भरलेल्या एका ठिकाणी, एका लहानशा खोलीत. ती बुटकी आणि दुसरी एक नवीनच बाई, समोरासमोर उभ्या. कोण नाकेवाली आणि कोण बहीण यावर गोदामात आधीच कुजबूज चालू होती. मग त्यातली एक बोलू लागली. खूप वेळ बोलली. रागावली, मग आवाज खाली आला, मग थांबून पुन्हा बोलली. दुसरी ऐकत होती. बोलणं संपलं तेव्हा दोघी खाली बसल्या. बस्स, संपला सिनेमा.

सगळे सरांकडे पाहत होते.

सर उभे राहिले. घाम पुसला. “मले नाई समजलं,” ते म्हणाले.

“काय नाई समजलं?”

“ते काय बोलली ते. बोली येगळी आहे, लवकर लवकर बोलली. उगाच काही सांगत नाई मी.”

असा गोंधळ झाला की विचारू नका. कोणी म्हणालं, सर मुद्दाम लपवून राह्यले. कोणी म्हणालं, शेवटच तर समजला नाही, मग तीन भाग कायले पाह्यले? टपरीवरचा तो एक जण ओरडला की अशी गोष्ट संपवतात काय, मारायचं तरी नाहीतर गळ्यात तरी पडायचं. व्हिडिओवाल्यानं शेवट मागे घेऊन दोनदा लावला. दोन्ही वेळा सर गप्प बसले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. आधी न ऐकलेलं सांगितलं आणि आता, जेव्हा खरोखर पाहिजे होतं, तेव्हा काहीच नाही.

घरी सिस्टर दारातच उभी होती. “भेटल्या?”

“भेटल्या.”

“बहीण काय म्हणाली?”

वाटेत मी ठरवलं होतं की काहीतरी चांगलं सांगायचं. ‘माफ केलं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण ती इतकी रोखून पाहत होती की मला ते जमलं नाही.

“सरांना समजलं नाही. मलाही नाही. पण बोलली. खूप वेळ बोलली. दुसरी पळून नाही गेली, उभी राहून सगळं ऐकलं. मग दोघी खाली बसल्या.”

“कोण बोलली? बहीण का नाकेवाली?”

“ते पण नक्की नाही सांगता येत.”

ती खालच्या मानेनं हसली. मग आत जाऊन पिशवीत कपडे भरू लागली.

तिनं तीन दिवसांची रजा टाकली. एस.टी.नं वडसा, तिथून रेल्वेच्या छोट्या गाडीनं नागभीड. मी तीन दिवस स्वतःला दोष देत होते. मी चुकीचं सांगितलं असेल तर? त्या पडद्यावरच्या बायका कदाचित भांडल्या असतील, कदाचित एकीनं दुसरीला शाप दिला असेल. मी काय पाहिलं ते मलाच माहीत नव्हतं आणि त्याच्या जोरावर ती सहा वर्षांचं खोटं उकलायला गेली होती.

ती चौथ्या दिवशी परत आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली.

“सांगितलंत?”

“सांगतलं. म्हटलं, मले ऐकू आलं होतं. तुहाच आवाज होता. म्या वळखला होता.”

“मग?”

“ते भात वाढून राह्यली होती. म्हणे, वरणात मीठ बराबर आहे काय पाह्य.”

“बस?”

“बस. मले समजलंच नाई, तिनं ऐकलं का नाई. आता परत सांगू काय? तुले काय वाटते, बाई?”

होतं आणि नव्हतं यावर दोन महिने न थकता भांडलेली मी, आता एवढंच म्हणाले, “परत जा तरी.” ती गेली. पुढच्या महिन्यात गेली, मग दर महिन्याला जाऊ लागली. काय बोलत होत्या ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गोदामात धान भरलं, व्हिडिओवाला दुसरीकडे गेला, आणि लोक नाकेवालीला विसरले. वर्षभरानं सिस्टरनं स्वतःहून नागभीडकडे बदली मागून घेतली.

तिचं एक पोस्टकार्ड आलं. अक्षर घाईतलं, चार ओळी. बदलीच्या ठिकाणी खोली मिळाली. पाऊस बरा आहे. बहिणीचं बाळंतपण झालं, तिनं मलाच बोलावलं, माझ्याच हातानं केलं, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. घरवाल्या बाईला नमस्कार सांग.

तिनं मलाच बोलावलं, ही ओळ मी कितीदा वाचली. तिनं ऐकलं होतं म्हणून बोलावलं, की ऐकलं नव्हतं म्हणून, की गावात दुसरी नर्सच नव्हती म्हणून? सिस्टरला तरी कळलं असेल का? मी ओसरीवर जाऊन घरवाल्या बाईला पत्र वाचून दाखवलं आणि तिला काय वाटतं ते विचारलं. ती साठवणीतली, ओल धरलेली मोहाची फुलं पसरवत होती. हात न थांबवता म्हणाली, “पोरगा झाला का पोरगी?”

मी पत्र उलटून पाहिलं. ते तिनं लिहिलंच नव्हतं.